सासरेबुवांच्या बरणीतली वीज

कोल्हापुरात महाराजांच्या राज्यात एकाहून एक वल्ली होऊन गेल्या, पण दारात आलेल्या जावयाला पाणी द्यायच्या आधी विजेचा धक्का देणारा सासरा सबंध संस्थानात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. दुसरा कुणी असेल तर त्याच्या जावयाने मला अवश्य भेटावं, दोघं बसून चार सुखदुःखाच्या गोष्टी बोलू. पहिल्या दिवाळसणाला मी मुरगूडहून नवा फेटा बांधून, अंगठी मिळते की घड्याळ या विचारात गेलो. उंबऱ्याशी सासूबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांना बाजूला सारून सासरे पुढे झाले. त्यांच्या हातात एक पितळी झाकण होतं आणि त्या झाकणाला मूठ म्हणून काचेची बाटली चिकटवलेली होती. "पावणं, हितं जरा बोट लावा," म्हणाले. मला वाटलं, काही घरचा रिवाज असेल. बोट पुढे केलं. ते झाकणाला टेकायच्या आतच एक निळी ठिणगी चट्कन उडाली आणि माझ्या बोटाला डसली. मी जो मागे उडालो तो फेट्यासकट ओट्यावर बसलो. नाडी बघणाऱ्या वैद्याच्या गांभीर्याने सासऱ्यांनी विचारलं, "आला का?" मी म्हटलं, आला. "मग या आत," म्हणाले, आणि सासूबाईंच्या हातचा तांब्या तेव्हा कुठे मला मिळाला.

त्यांचं घोंगड्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर आणि दोहोंच्या मध्ये फरशीचं लहान अंगण. धनगरांकडून घोंगडी घ्यायची आणि गावात विकायची, हा वडिलांपासून चालत आलेला धंदा. थंडीत अंधारात घोंगडं झटकलं की ते तडतडतं आणि त्यातून बारीक ठिणग्या उडतात, हे घोंगडं पांघरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. आपण ते पाहतो आणि कूस बदलून झोपतो. आमचे सासरे उठून बसले. ही ठिणगी आली कुठून, हा किडा त्यांच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. अशातच कॉलेजातल्या एका प्रोफेसरांच्या व्याख्यानाला लोकांना बसायला म्हणून यांच्या दुकानातली घोंगडी नेली होती. व्याख्यान नेमकं विजेवर. घोंगडी परत आणायला गेलेले सासरे सगळ्यांत पुढे जाऊन बसले, आणि व्याख्यान संपल्यावर प्रोफेसरांना घरापर्यंत पोचवायला गेले, वाटभर प्रश्न विचारत. घोंगडी तिथेच राहिली. सासूबाई ही गोष्ट सांगताना म्हणायच्या, "घोंगडी गेली ती गेली, पर मानूसबी तितनं परत आलं न्हाय."

सासूबाई निपाणीकडच्या. त्यांना मी मामी म्हणायचो आणि सासऱ्यांना मामा. मामांच्या या सगळ्या विजेला शेवटी एकच काम उरलं, ते म्हणजे मामींचा लुळा पडलेला उजवा हात परत आणणं. खरं म्हणजे मला तेवढंच सांगायचं आहे. पण हा माणूस काय होता हे आधी कळल्याशिवाय ते सांगण्यात अर्थ नाही, म्हणून जरा दमाने घ्या.

मामांना गोष्ट समजली की ती दुसऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. समोरचा कोण, त्याला वेळ आहे का, त्याने विचारलंय का, असल्या बारीकसारीक गोष्टींकडे ते बघत नसत. दारात म्हैस आणून दूध काढून देणारा गवळी सकाळी यायचा. तो खाली बसून धार काढतोय आणि हे उभे राहून त्याला सांगतायत, "विजा दोन. काच रेशमानं घासली की काचंची वीज, लाख घोंगडीनं घासली की लाखंची वीज. आन घासल्यानं वीज नवी हुत न्हाय बरं का. हितली तितं जाती. लाखंला जेवढी आली तेवढी घोंगडीतनं गेली." गवळी ऐकता ऐकता चरवी भरून दूध फरशीवर गेलं. तेही मामांच्या लक्षात आलं नाही, कारण ते तोवर पुढच्या मुद्द्यावर पोचले होते. "सारकी वीज सारकीला ढकलती. दोन जावा एका चुलीला लावून बघ. मातूर काचंची आन लाखंची येकमेकीला वडत्यात, नवराबायकूगत." आतून मामींचा आवाज आला, "ह्यात काच कोन न् लाख कोन, ते सांगा आधी."  प्रश्न शास्त्राला धरून होता आणि त्याचं उत्तर मामांनी खरोखरच शोधायला घेतलं.

वीज न शिवता लांबून काम कशी करते, हे मला काही केल्या उमगत नव्हतं. घासलेली लाख कागदाच्या कपट्यांच्या वर धरली की कपटे नाचायला लागतात, हे दिसत होतं. पण मध्ये दोरी नाही, काडी नाही, मग ओढतं कोण? मी तोवर मुरगूड सोडून शेजारच्याच गल्लीत खोली घेऊन राहायला आलो होतो, गुळाच्या अडतीवर नोकरी होती, आणि संध्याकाळी घरी जाताना यांच्या दुकानावरून जावं लागे, त्यामुळे सुटका नव्हती. मामांनी मला दुकानाच्या पायरीवर बसवलं. थोड्या वेळाने तालमीतला एक पैलवान रस्त्याने आला. रस्त्यावरची माणसं आपापल्या बोलण्यात होती, पण पैलवान जसजसा जवळ येईल तसतशी ती नकळत बाजूला सरकत होती. "बगितलासा?" मामा म्हणाले. "त्येनं कुनाला ढकाललं न्हाय. तरी मानसं हालली. ह्याला काय म्हनायचं? दरारा. पैलवानाच्या भवतीनं त्येचा दरारा असतो. जवळ दांडगा, लांब गेलं की बारीक. तसा विजेचाबी असतो. रिकामी जागा रिकामी नसती, पावणं." त्यांचं एवढ्यावर भागलं नाही. घरात नेऊन परातीत मामींचं एरंडेल ओतलं, त्यावर मामींचा रवा भुरभुरला, दोन बाजूंना दोन पितळी गोळ्या ठेवल्या आणि एकीला आपल्या यंत्रातली वीज द्यायला लागले. हळूहळू रव्याचे कण वळले आणि या गोळीपासून त्या गोळीपर्यंत कमानी धरून रांगेत उभे राहिले. कुणी हात न लावता. आजवर मी पुष्कळ गोष्टी पाहिल्या, पण तो रवा रांगेत उभा राहताना पाहून माझ्या अंगावर काटा आला, तसा फार थोड्या वेळा आला असेल. मामी आल्या, परातीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "आता ह्येचा शिरा करून दावा."

यंत्र म्हणजे काय, तर पितळी ताटात लाख वितळवून ओतलेली जाड वडी आणि त्यावर ते बाटलीच्या मुठीचं झाकण. वडी घोंगडीने खसाखसा घासायची, झाकण वर ठेवायचं, झाकणाला एकदा बोट लावून काढायचं आणि मूठ धरून उचलायचं. की आली झाकणात वीज. ती साठवायला काचेची बरणी. चहाच्या पेट्यांतून येणारा शिशाचा पातळ पत्रा बरणीला आतून आणि बाहेरून चिकटवलेला, आणि बुचातून आत सोडलेली एक पितळी सळई, वर गोळी असलेली. झाकणाने पुन्हा पुन्हा वीज आणून गोळीला द्यायची. बरणी भरली की एक हात बाहेरच्या पत्र्याला आणि दुसरा गोळीला लावणाऱ्याला आईवडील आठवायचे. बरणीत वीज किती साठली हे बघायला दुसऱ्या एका बाटलीत तारेच्या टोकाला चांदीच्या वर्खाचे दोन पापुद्रे लोंबत असत. वीज जवळ आली की दोन्ही पापुद्रे एकमेकांपासून फाकायचे. वर्ख समोरच्या वर्खवाल्या चाचांकडून यायचा. मिठाईवर लावायचा वर्ख हा माणूस बाटलीत टांगतो, म्हणून चाचांना आधी वाईट वाटलं होतं. पुढे तेच रोज सकाळी पापुद्रे किती फाकले ते बघायला यायला लागले.

एका थंडीत मामांनी ठरवलं की सगळ्या गल्लीला एकाच धक्क्यात उडवायचं. मारुतीच्या देवळापुढे माणसं गोळा केली, एकमेकांचे हात धरून गोल करायचा, पहिल्याने बरणी धरायची आणि शेवटच्याने गोळीला बोट लावायचं. तालमीची पोरं आली, दुकानदार आले, चाचा आले, आणि पूजा आटोपून रेशमी मुकट्यात घरी निघालेले जोशीबुवाही गंमत बघायला म्हणून थांबले ते गोलात ओढले गेले. बुवांच्या शेजारी आले चाचा. आता सोवळ्यातल्या माणसाने चाचांचा हात धरायचा कसा? बुवा काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी आपलं रेशमी उपरणं काढलं, एक टोक स्वतः धरलं, दुसरं चाचांच्या हाती दिलं. दोघांचाही मान राहिला. शेवटच्याने बोट लावलं. काही नाही. पुन्हा बरणी भरली, पुन्हा लावलं. काही नाही. पोरं हसायला लागली. मामा घाम पुसत गोलातून एकेकाचे हात बघत फिरले आणि उपरण्यापाशी येऊन थबकले. कोरडं रेशीम. त्यातून वीज जाते कशाला? दुसरा कुणी असता तर तिथेच बुवांशी वाद घालत बसला असता. मामांनी फक्त विचारलं, "बुवा, वल्लं चालंल का?" बुवा म्हणाले, "ओलं तर उत्तम. ओलेत्याइतकं सोवळं नाही." देवळातली घागर आली, उपरणं चिंब झालं, दोघांनी टोकं धरली, आणि पुढच्या बोटाला सबंध गोल एकदम असा उडाला की देवळाच्या शिखरावरची कबुतरं उठली. पाणी सुटलेलं उपरणं हातात तसंच धरून चाचांनी विचारलं, "बुवा, तुमचा धक्का माझ्यात आला. शिवाशिव झाली का न्हाय, ते तुमीच सांगा." बुवांनी पुष्कळ विचार केला. "वीज शिवली," म्हणाले, "मी नाही शिवलो." त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा आंघोळ केली नाही, हे मला त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळलं.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मामी भाकरी थापत होत्या आणि थापता थापता उजवा हात परातीत पडला तो पडलाच. वाचा शाबूत राहिली, पाय थोड्या दिवसांत सावरला, पण हात गेला. चिमटा काढला तरी कळेना. वैद्य झाले, दवाखान्यातले डॉक्टर झाले. जेवण डाव्या हाताने जमेल, भाकरी सून थापेल, त्याचं मामींना फारसं काही नव्हतं. त्यांचं अडलं पूजेपाशी. आमच्यात, म्हणजे लिंगायतांत, पूजेला गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतात आणि भस्म, बेल उजव्या हाताने वाहतात. डाव्या हातावर लिंग आहे, आता वाहायचं कशाने? सुनेने वाहून बघितलं, माझ्या बायकोने वाहून बघितलं. मामी डोळे मिटून बसायच्या, पण पूजा झाल्यासारखी वाटत नाही, असं एकदा म्हणाल्या आणि पुन्हा म्हणाल्या नाहीत.

प्रोफेसरांनी त्या व्याख्यानात जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की विलायतेत लुळ्या पडलेल्या अवयवाला विजेचे धक्के देऊन बघतात. बरं होतं असं ते म्हणाले नव्हते, बघतात म्हणाले होते. मामांना तेवढं पुरलं. पण दिवस आषाढाचे. भिंतींना ओल, मिठाला पाणी सुटलेलं, आणि यंत्र मेल्यासारखं पडलेलं. ओल्या हवेत वीज टिकत नाही, घासावी तशी काचेवरच्या दमटपणातून निसटून जाते. शेगडीवर बरणी शेकली, वडी शेकली, घोंगडी तव्यावर धरून जाळली. वर्खाचे पापुद्रे ढिम्म. उभ्या आयुष्यात या माणसाने कुणाचं वाईट चिंतलं नाही, पण त्या वर्षी आभाळाला ते जे काही बोलत ते मला इथे लिहिता येणार नाही.

दिवाळी झाली, हवा कोरडी पडली आणि एका सकाळी अंगणातल्या उन्हात मामींना घोंगडीवर बसवलं. बरणी भरली. आता तो निर्जीव हात सावरून तर धरायला हवा, म्हणून मामांनी तो आपल्या डाव्या हातात घेतला. आमच्याकडे त्या काळी जावयासमोर नवरा-बायको एका घोंगडीवर बसत नसत, मग हात धरणं कुठलं? मी भिंतीकडे बघायला लागलो. मामांनी उजव्या हातात बरणी धरून तिची गोळी मामींच्या बोटांजवळ नेली. धक्का मामींच्या हातातून मामांच्याही अंगातून जायचा, त्याला इलाज नव्हता. चट् आवाज झाला आणि मामींची करंगळी टणकन उडाली. माझी बायको रडायला लागली. सून देवापुढे साखर ठेवायला धावली. दारातून बघत असलेले चाचा घाईने गेले आणि वर्ख लावलेली बर्फी घेऊन आले. "आला की हो हात," ते म्हणत होते. "ही बोटं हलली कशी, सांगा तरी." आणि गवळ्याला सांगणाऱ्या, पैलवान दाखवून मला सांगणाऱ्या आमच्या मामांनी बरणी खाली ठेवत एवढंच म्हटलं, "हालली न्हवं? बास."

मी चमकलो. कारण त्या प्रोफेसरांनी मेलेल्या बेडकाच्या तंगडीला ठिणगी लावली आणि ती ताडकन उडाली, हे मला मामांनीच सांगितलेलं होतं. विजेने मांस उडतं, म्हणून काही बेडूक उठून बसत नाही. त्यांना सगळं ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा ते बर्फीवरचा वर्ख नखाने सोलत बसले होते.

सगळी थंडी आणि सगळा उन्हाळा तो कार्यक्रम चालला. सकाळी गवळी येऊन गेला की मामी अंगणात येऊन बसायच्या. नवं लुगडं नेसून बसायच्या, ही गोष्ट मला बायकोने दाखवून दिली. ठिणगी दिली की बोट उडायचं, ठिणगी नसली की हात तसाच. मामा एक धक्का दिला की पुढची बरणी भरायला फार वेळ लावत. वडी घासायला सून पुढे आली तर तिला "जमायचं न्हाय तुला" म्हणून परत पाठवत आणि एका हाताने घासत बसत, कारण दुसऱ्या हातात मामींचा हात असे. एका हाताने घासून बरणी भरायला अर्धी सकाळ जायची. चाचांचा मात्र पुरता विश्वास बसलेला होता. हात येणार म्हणून ते पीराला नवस बोलून आले होते.

वैशाख सरता सरता हवा जड झाली. वर्खाचे पापुद्रे फाकायचे कमी झाले, मग नुसते थरथरायचे, मग तेही थांबलं. त्या संध्याकाळी मी गेलो तेव्हा मामा दुकानात होते आणि मामी अंगणात एकट्याच, कधी नव्हे त्या उदास. मला त्यांचं वाईट वाटलं. मी म्हटलं, "मामी, दिवाळीपर्यंत दम धरा. यंत्र पुन्हा सुरू होईल. हात कुठं पळून जात नाही."

"अय्यो, हाताचं काय घिऊन बसलासा," मामी म्हणाल्या. "हात याचा न्हाय. बेडकाचं मलाबी सांगून झालंय की त्येंचं, तुमच्या आधी. इतकी वरसं ऐकतीया मी, मला काय कळत न्हाय व्हय?"

 मग वाईट कशाचं वाटतंय, म्हणून मी विचारलं.

"यंत्र बंद पडलं," त्या म्हणाल्या. "आता त्येंनी हात कशाला धरायचा?"

मी जरा धीर करून विचारलं, "पण मामी, त्यांनी धरलेला तुम्हाला कळतो का?"

"कळत न्हाय," मामी म्हणाल्या. मग डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "दिसतो की."

 दुकानात मामा होते, पण त्यांना मी काही बोललो नाही, तसाच घरी गेलो आणि बायकोलाही काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अडतीवर जाताना मुद्दाम तिकडून गेलो. आभाळ खाली आलेलं, हवा अशी दमट की काडीपेटी ओढून ओढून पेटत नव्हती. अशा हवेत ठिणगी पडायची नाही, हे गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. दुकानात कुणी नव्हतं. मी आतल्या दारातून डोकावलो. अंगणात घोंगडी अंथरलेली होती, समोर वडी, झाकण, बरणी, सगळं मांडलेलं. मामी नव्या लुगड्यात बसल्या होत्या आणि मामा त्यांचा हात धरून, एका हाताने, सावकाश, वडी घासत होते. घासून झालं, झाकण उचललं, बरणीला टेकवलं. कसलाही आवाज झाला नाही. मग बरणी उचलून गोळी मामींच्या बोटांशी नेली. बोटं हलली नाहीत.

"आला का गं?" मामांनी विचारलं.

मामी हाताकडे बघत होत्या.

"आला की," त्या म्हणाल्या. "बारीक हाय. आनी जरा घासा."

मामा पुन्हा घासायला लागले. मी पायांतल्या वहाणा काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता दुकानातून बाहेर पडलो.